रात्री साडेदहाचा अ‍ॅम्प

प्रश्न : डोंबिवलीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ४६, नोकरी बँकेत, घर वन बीएचके. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि त्याची इलेक्ट्रिक गिटार घरीच राहिली. गेल्या वर्षभरात ऑनलाइन धडे बघून त्या तिच्यावर गाण्यांच्या चाली वाजवायला शिकल्या. वेळ मिळतो तो रात्री साडेदहा ते अकरा, ओटा आवरून झाल्यावर, स्वयंपाकघराचं दार लावून. अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, नाही. म्हणून गिटारचं डोकं दाराच्या लाकडाला टेकवून त्या आवाज ऐकतात. हॉलमध्ये सासूबाई झोपतात. त्यांना रात्री एकदोनदा उठावं लागतं, तेव्हा त्या हाक मारतात. आता आठ हजारांपर्यंत खर्च करून छोटा अ‍ॅम्प घ्यायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, ४० वॅटचा घ्या, पुढे उपयोगी पडेल. मुलगा म्हणतो, अ‍ॅम्प कशाला, लॅपटॉपला जोड. यजमान म्हणतात, घरात होम थिएटर आहे, त्यालाच लाव. न्यू जर्सीचा भाचा डिसेंबरात येताना तिकडून एक आणायला तयार आहे. शेवटी त्या विचारतात : "हेडफोनचाच घ्यावा का, म्हणजे कुणाला त्रास नको? आणि या वयात नुसत्या हौसेपायी एवढे पैसे घालणं बरं दिसतं का?"

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. तो मनात तसाच राहिला तर दुकानात गेलात तरी हात आखडता राहील, आणि मग स्वस्त म्हणून काहीतरी उचललं जाईल.

मी बरीच वर्षं गिटार शिकवतो. हौस आहे म्हणून आधी सगळं सामान घेणारे आणि तीन महिन्यांत ते माळ्यावर टाकणारे पुष्कळ पाहिले. तुम्ही उलट केलंत. सामान नसताना वर्षभर, दिवसभराच्या कामानंतर, दाराला गिटार टेकवून वाजवलीत. हौस टिकेल की नाही, ही परीक्षा तुम्ही केव्हाच दिली आहे. आणि इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्पशिवाय म्हणजे अर्धंच वाद्य. तंबोऱ्याचा भोपळा काढून नुसती दांडी छेडावी, तसं. भरीव लाकडाच्या त्या गिटारला स्वतःचं पोट नाही, तिचं पोट म्हणजे अ‍ॅम्प. म्हणजे तुम्ही नवी चैन करत नाही आहात, घरात आधीच आलेलं वाद्य पुरं करता आहात.

यात शिकण्याचाही प्रश्न आहे. नुसत्या तारा वाजवताना ऐकू यावं म्हणून उजवा हात नकळत जोर लावायला लागतो. डाव्या हाताचं बोट सरकताना होणारी खरखर, न दाबलेल्या तारेची मधूनच उठणारी गुणगुण, यातलं काही कानावर पडत नाही. अ‍ॅम्पला जोडल्या दिवशी ते सगळं एकदम ऐकू येतं, आणि पहिल्या आठवड्यात तुम्हाला वाटेल की आपण बिघडलो. बिघडलेल्या नसाल. वर्षभराचं वाजवणं पहिल्यांदा नीट कानावर येत असेल. म्हणून दिरंगाई करू नका. चुकीची सवय जितकी जुनी, तितकी सोडायला जड.

आता ४० वॅटकडे. दुकानदाराच्या "पुढे उपयोगी पडेल" या वाक्यावर जरा थांबू या. पुढे म्हणजे कुठे? सोसायटीच्या गणपतीत वाजवलंत तर तिथे मंडपवाल्याची साउंड सिस्टीम असते. छोट्या अ‍ॅम्पसमोर माइक ठेवला की भागतं. राहता राहिलं तुमचं स्वयंपाकघर, आणि तिथलं गणित अगदी वेगळं आहे.

वॅट म्हणजे अ‍ॅम्प स्पीकरला किती वीज पुरवू शकतो, तो आकडा. आवाज त्या प्रमाणात वाढत नाही. आवाज मोजतात डेसिबलमध्ये. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि एवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायचा असेल तर साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. १० वॅटच्या जागी ४० वॅटचा घेतला की पदरात पडतात ६ डेसिबल. चौपट वॅट देऊन आवाज दुपटीलाही पोचत नाही.

हेच गणित खालच्या बाजूला नेलं की खरी गंमत कळते. छोट्या गिटार-स्पीकरला १ वॅट दिला आणि एक मीटरवर उभं राहिलं तर सुमारे ९० डेसिबल ऐकू येतात असं धरू. दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात तो आवाज साठाच्या आसपास. ३० डेसिबल खाली यायचं म्हणजे वीज हजारपट कमी. म्हणजे बोलण्याच्या पट्टीत वाजवताना तुमचा अ‍ॅम्प एका वॅटचा हजारावा भाग वापरत असेल! आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. साडेदहाला वाजवणाऱ्या माणसाला १० वॅटही भरपूर आहेत, ४० वॅटांना तुमच्या घरी कधी कामच मिळणार नाही.

मिळालं नाही तर नाही, पडून राहू देत, असं म्हणाल. पण मोठ्या अ‍ॅम्पचा त्रास नेमका खालच्या आवाजात होतो. स्वस्त आणि दणकट अशा अ‍ॅम्पचा व्हॉल्यूमचा नॉब शून्यावर मुका असतो आणि केसभर फिरवला की शेजारी जागे होतात. मधली जागाच नसते. हे मी स्वतः भोगलं आहे. पहिला अ‍ॅम्प घेताना मलाही असंच कुणीतरी "पुढचा विचार करा" म्हणालं आणि मी साठवलेले सगळे पैसे घालून ६० वॅटचा घेतला. दोन वर्षं तो माझ्या खोलीत होता, आणि त्या दोन वर्षांत मी वाजवलं कमी, नॉबशी झगडलो जास्त. आवाज नको म्हणून अंग चोरून वाजवायची सवय लागली, ती मोडायला पुढे बराच काळ गेला. तुम्हाला तेवढी वर्षं घालवावी लागू नयेत, म्हणून हे इतकं लांबवून लिहितो आहे.

अपवाद आहेत, तेही सांगायला हवेत. बॉसचा कटाना ५० हा अ‍ॅम्प ५० वॅटचा असूनही त्याला अर्ध्या वॅटवर आणणारा खटका आहे, आणि खालच्या आवाजातही तो नीट बोलतो. पण त्याचा १२ इंची स्पीकर, वजन आणि किंमत तुमच्या हिशेबाबाहेरची आहे.

मग वॅट नाही तर बघायचं काय? स्पीकरचा आकार. बेल लॅबोरेटरीजचे हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं की आवाज लहान होत गेला की माणसाच्या कानाला खर्ज आधी ऐकू येईनासा होतो. तुम्हाला वाजवायचंच आहे लहान आवाजात. त्यात ३ इंची स्पीकर असला तर जाड तारा डब्यात वाजल्यासारख्या ऐकू येतात. सहा-साडेसहा इंची स्पीकरमध्ये त्या तारांना अंग येतं. ८ इंची मिळाला तर उत्तमच. दुकानात वॅट विचारू नका, "स्पीकर किती इंची?" असं विचारा. दुकानदाराचा बोलण्याचा सूरही बदलेल.

आता हेडफोन. तुम्ही लिहिता की हेडफोनचाच घ्यावा, म्हणजे कुणाला त्रास नको. त्याच पत्रात, चार ओळी वर, लिहिता की सासूबाई रात्री उठतात आणि हाक मारतात. ताई, दोन्ही कान झाकून बसलात तर ती हाक कोण ऐकणार? मग तुम्ही दर दोन मिनिटांनी एक कान उघडा करून बघाल, अर्धं लक्ष बाहेर राहील, आणि जो अर्धा तास तुमचा आहे तोही पुरता तुमचा राहणार नाही. म्हणून तुमच्यासाठी स्पीकर असलेला अ‍ॅम्प आधी. त्याला हेडफोनचं भोक असावंच, पण ते अडीअडचणीला. सासूबाईंचं दुखत-खुपत असेल, यजमान घरात जागे असतील आणि लक्ष त्यांच्याकडे असेल, अशा रात्रींसाठी.

हेडफोन लावायचेच तेव्हा वायरचे लावा. ब्लूटूथचे चालणार नाहीत. नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज पोचायला सेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. गाणं ऐकताना हे कळत नाही. वाजवताना मात्र बोट आत्ता पडतं आणि सूर मागून येतो, आणि ताल हातात राहत नाही. काही अ‍ॅम्पवर "ब्लूटूथ" लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा मोबाइलवरचं गाणं अ‍ॅम्पमध्ये घेण्यासाठी असतं. ती सोय चांगली आहे, पण तिचा बिनतारी हेडफोनशी संबंध नाही. विकत घेण्याआधी हा फरक विचारून घ्या.

आणखी एक. सासूबाईंना त्रास होईल हे तुम्ही धरून चालला आहात. त्यांना विचारलंत का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. हळू आवाजातली गिटार आणि बंद दार, एवढ्यात त्यांची झोप मोडते की नाही, हे त्याच सांगू शकतील. आणि रोज साडेदहालाच वाजवायला हवं असंही नाही. शनिवारी संध्याकाळी सात वाजता, बिल्डिंगभर टीव्ही चालू असताना, तुमची गिटार कुणाच्या कानावरही जाणार नाही. आठवड्यातून एक दिवस तरी दार उघडं ठेवून वाजवा. बंद दाराआड वाजवणाऱ्याचा हात थोडा दबकाच राहतो.

यजमानांच्या होम थिएटरचं उत्तर छोटं आहे : नको. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबकाच्या पट्टीतून, येणारा सिग्नल नाजूक असतो, त्याला साधारण एक मेगाओहम इंपीडन्सचं (विजेला होणाऱ्या विरोधाचं) इनपुट लागतं. होम थिएटरचं इनपुट यापेक्षा कितीतरी कमी इंपीडन्सचं, सीडी प्लेअरसारख्या जोरकस सिग्नलसाठी बनवलेलं. तिथे गिटार लावली की आवाज मंद आणि ओल्या कापडाखालून आल्यासारखा येतो. शिवाय गिटार-अ‍ॅम्पचा स्पीकर पाचेक हजार हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवत नाही, आणि गिटारचा गोडवा त्यातच आहे. होम थिएटरचे बारीक स्पीकर वरचं सगळं दाखवतात, आणि थोडं जरी डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटका केलेला आवाज) लावलं तरी माशी कानात शिरल्यासारखं वाटतं.

मुलाचा सल्ला चुकीचा नाही. ऑडिओ इंटरफेस म्हणून एक छोटी डबी मिळते. गिटार तिच्यात, ती लॅपटॉपमध्ये, आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही आज ऐकण्यासारखे आवाज आहेत. होस्टेलवर राहणाऱ्याला, रेकॉर्डिंग करणाऱ्याला मीही हेच सुचवेन. पण तुम्ही दिवसभर बँकेत स्क्रीनसमोर बसता. रात्री अर्ध्या तासासाठी पुन्हा लॅपटॉप उघडा, अपडेट होऊ द्या, सेटिंग शोधा, यात दहा मिनिटं गेली की उरलेल्या वीस मिनिटांत वाजवायची इच्छा किती राहील? तुमच्यासाठी यंत्र असं हवं की खटका दाबला की वाजलं.

भाच्याला मात्र आजच कळवा की अ‍ॅम्प आणू नकोस. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. तिकडचा अ‍ॅम्प इथे सरळ प्लगला लावला तर फ्यूज उडेल किंवा ट्रान्सफॉर्मर जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवता येतो, पण त्या जड डब्याचा खर्च आणि अडचण वेगळी, आणि काही बिघडलं तर वॉरंटीसाठी दाद मागायची ती तिकडे. ज्याच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं आहे, किंवा जो बॅटरीवर चालतो, तोच इथे बिनधास्त चालतो. भाच्याचं मन मोडायचं नसेल तर तारांचे दोनचार सेट आणि एक चांगली केबल आणायला सांगा. सामानात जागाही लागत नाही.

आता तुम्ही घ्यायचा कुठला. माझं स्पष्ट मत : दहा वॅटच्या आसपासचा, सहा-साडेसहा इंची स्पीकरचा, विजेवर चालणारा साधा अ‍ॅम्प. फेंडर फ्रंटमॅन १० जी हा त्यातला नेहमीचा. १० वॅट, ६ इंची स्पीकर, हेडफोनचं भोक, आणि मोबाइल जोडायला ऑक्स इनपुट. वजन साधारण चार किलो, उचलून स्वयंपाकघरात न्यायला आणि परत कपाटात ठेवायला जड नाही. मार्शलचा एमजी १० त्याच जातीचा. ऑरेंजचा क्रश १२ आवाजाला मला जास्त आवडतो, विशेषतः जरा खरखरीत, रॉकच्या अंगाने वाजवणाऱ्यांसाठी. पण तुमच्या पत्रावरून तुम्ही गाण्यांच्या चाली स्वच्छ सुरात वाजवता असं दिसतं. त्याला फेंडरचा नितळ आवाज बरा. दर सतत हलतात, त्यामुळे यातला कुठला आठ हजारांत बसतो ते त्या दिवशी दुकानात कळेल. नाही बसला तर सेकंड हँड बघा. या साध्या अ‍ॅम्पमध्ये बिघडण्यासारखं फार कमी असतं.

ऑक्स इनपुटवर मी अडून का बसतो, ते सांगतो. मोबाइलवर तानपुऱ्याचं किंवा तबल्याचं अ‍ॅप लावून ते अ‍ॅम्पमधूनच ऐकत वाजवलं, तर सूर आणि लय दोन्ही पक्के होतात. एकट्याने शिकणाऱ्याला दुसरा गुरू तोच आहे. निवड अडलीच, तर आवाजाचे रंग बदलणाऱ्या वीस प्रकारच्या इफेक्टपेक्षा हे एक भोक महत्त्वाचं समजा.

इफेक्टचा मोह खरा आहे हे मला माहीत आहे. रोलंडचा मायक्रो क्यूब जीएक्स, बॉसचा कटाना मिनी, फेंडरचा मस्टँग एलटी २५, हे सगळे चांगले अ‍ॅम्प आहेत. पहिले दोन सहा पेन्सिल सेलवरही चालतात. बजेट वाढलं किंवा सेकंड हँड मिळाला तर मायक्रो क्यूबला मी नाही म्हणणार नाही, ५ इंची स्पीकर असून तो फार मोकळा वाजतो. पण पहिल्या वर्षी बटणं जितकी कमी तितकं वाजवणं जास्त, हे मी माझ्या विद्यार्थ्यांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ज्या अ‍ॅम्पचे आवाज फक्त मोबाइलच्या अ‍ॅपमधूनच बदलता येतात, तो तर मुळीच घेऊ नका. अ‍ॅम्प पंधरा वर्षं टिकतो, अ‍ॅप तितकं टिकत नाही.

आठ हजार सगळे अ‍ॅम्पवर घालू नका. हजार-दीड हजार बाजूला ठेवा. धड केबल आणि कानाला न टोचणारे वायरचे हेडफोन त्यात बसतात. फुकट मिळालेली पातळ केबल चार महिन्यांत खर्रखर्र करायला लागते आणि आपण अ‍ॅम्पला दोष देत बसतो.

ऑनलाइन मागवण्याआधी एकदा तरी समोर बसून ऐका. डोंबिवलीहून तुम्हाला सोपं आहे. सीएसएमटीला उतरून धोबी तलावपर्यंत चालत जाता येतं, तिथे फुर्ताडोज हे १८६५ पासूनचं वाद्यांचं दुकान आहे. कामाच्या दिवशी, सकाळी, गर्दी नसताना जा. गिटार आणि केबल स्वतःची न्या. दुकानातल्या महागड्या गिटारवर कुठलाही अ‍ॅम्प गोडच वाजतो. तिथला मुलगा तुम्हाला आवाज दाखवायला नॉब पाचावर नेऊन भराभर काहीतरी वाजवेल. त्याचं होऊ द्या. मग म्हणा, "मला रात्रीच्या आवाजात ऐकायचाय." नॉब शून्यावर आणा आणि अगदी हळू फिरवा. आवाज सलग, बेताबेताने उगवतो की एकदम उडी मारतो, हे बघा. ज्याचा आवाज उडी मारेल तो ठेवून द्या, नाव कितीही मोठं असो. मग त्या बारीक आवाजात सगळ्यात जाड तार छेडा. तिचा सूर कळतो की नुसता धप्प आवाज येतो? मग काही न वाजवता कान जवळ नेऊन घरघर ऐका. थोडी असणारच, वाजवताना ती झाकली जाते की नाही एवढंच बघायचं. हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होतो का आणि दोन्ही कानांत आवाज येतो का, हेही तिथेच तपासा. सेकंड हँड असेल तर सगळे नॉब फिरवून खरखर ऐका, केबलचं टोक भोकात हलवून आवाज तुटतो का पाहा, आणि जाळीतून टॉर्च मारून स्पीकरचा कागद फाटलेला नाही ना, ते बघा.

आता एक गोष्ट, जिच्यात तडजोड नको. विजेवर चालणारा अ‍ॅम्प तीन पिनांचा असेल तर तो अर्थिंग असलेल्या पॉइंटवरच लावा. जुन्या बिल्डिंगांमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे अर्थची वायरच जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून एकदा तपासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. तिसरी पिन काढून टाकणं किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावणं, हे कुणी कितीही सहज सुचवलं तरी करायचं नाही. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर ते नेहमीचंच आहे, घाबरू नका. पण बोटांना झिणझिण्या आल्या तर तिथेच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येऊन जाईपर्यंत लावू नका. तुम्ही स्वयंपाकघरात वाजवता, फरशी ओली असू शकते. पायात चप्पल ठेवा, सिंकपासून लांब बसा.

हे पत्र वाचून आपलाही प्रश्न असाच आहे म्हणणारे बरेच असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. तुमची गिटार अ‍ॅकॉस्टिक असेल आणि तिला पिकअप असेल, तर वर सांगितलेले अ‍ॅम्प तुमच्यासाठी नाहीत. त्यांत लाकडाचा आवाज बुजून जातो. तुम्हाला अ‍ॅकॉस्टिकसाठीचा वेगळा अ‍ॅम्प लागेल. माइक, कीबोर्ड आणि गिटार तिन्ही लावता येणारे, स्ट्रेंजर किंवा पालकोसारख्या भारतीय ब्रँडचे अ‍ॅम्प भजनी मंडळाला, शाळेच्या कार्यक्रमाला उत्तम कामाला येतात. नुसत्या इलेक्ट्रिक गिटारच्या रियाजासाठी ते माझी पहिली निवड नाहीत. होस्टेलवर किंवा पेइंग गेस्ट राहणाऱ्यांनी गिटारलाच खोचायचा हेडफोन-अ‍ॅम्प घ्यावा. व्हॉक्सचा अ‍ॅमप्लग त्यातला जुना आणि भरवशाचा. त्यांना रात्री कुणी हाक मारणारं नसतं. आणि मुलासाठी अ‍ॅम्प घेणाऱ्या आईवडिलांनो, मूल वाजवेल की नाही याची खात्री नसेल तर सेकंड हँड घ्या, पण खेळण्यातला घेऊ नका. वाईट आवाजाला कंटाळून मुलं वाद्य सोडतात आणि आपण म्हणतो, त्याला आवडच नव्हती.

तर ताई, अ‍ॅम्प घरी आल्यावर. ठेवायचा नेहमीच्या कपाटात, स्वयंपाकघरात नाही. फोडणीची वाफ आणि तेल नॉबच्या आत जाऊन बसतं. वाजवताना जमिनीवर ठेवू नका. जमिनीवरचा अ‍ॅम्प तुमच्या घोट्यांना ऐकू येतो, कानांना नाही, मग आपण उगाच आवाज वाढवतो. शिवाय फरशीतून खर्ज थेट खालच्या मजल्यावर उतरतो. स्टुलावर गोधडीची घडी, तिच्यावर अ‍ॅम्प, तोंड थोडं वर, तुमच्याकडे. भिंतीच्या कोपऱ्यात सरकवू नका, तिथे खर्ज फुगतो. फ्रिजच्या पॉइंटवर लावू नका, कंप्रेसर सुरू होताना टक्क आवाज येईल. गिटार गुणगुणत असेल तर खुर्ची थोडी फिरवून बघा, पिकअपची दिशा बदलली की घरघर बरीच उतरते. जाड तारांवर मांडणीतले स्टीलचे डबे झणझणायला लागले तर अ‍ॅम्पची जागा हातभर हलवा, किंवा त्या रांगेखाली एक पंचा घाला.

पहिल्या रात्री सगळे टोन नॉब मध्यावर ठेवा, मग बास, म्हणजे खर्जाचा नॉब, थोडा वर घ्या. कमी आवाजात कान तेवढाच खातो. गेन, म्हणजे आवाज फाटका करणारा नॉब, कमी ठेवा. गिटारवरचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि अ‍ॅम्पचा शून्यावर. स्वयंपाकघराचं दार लावून घ्या आणि यजमानांना हॉलमध्ये सासूबाईंच्या उशाशी उभं राहायला सांगा. तुम्ही वाजवत नॉब हळूहळू वर न्या. त्यांना स्पष्ट ऐकू यायला लागलं की त्यांनी येऊन दारावर टकटक करायची. तिथून नॉब जरासा मागे घ्या, आणि पॅनलवर नेमक्या त्या जागी एक छोटी टिकली लावून टाका.